हातभर अंतर

एकदा एक शिष्या थकून भागून आपल्या वृद्ध गुरुजींच्या दारी आली. गुरुजींनी तिला तरुणपणी व्यासपीठावर बोलायला शिकवले होते. आता ती शाळेत शिकवत असे, आणि घरी आल्यावर अंध मुलांसाठी इतिहासाचे पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करीत असे. आजूबाजूच्या गोंगाटामुळे ते ध्वनिमुद्रण मुलांच्या संस्थेकडून दोनदा परत आले होते. परीक्षा तोंडावर आली होती. तिसऱ्यांदाही परत आले, तर मुलांना पुस्तक न ऐकताच परीक्षेला बसावे लागणार होते.

“गुरुजी, मी हरले,” ती म्हणाली. “पंखा बंद केला. कुकर लावणं सोडलं. शेजारणीशी भांडले. बाबांना खोकल्याची उबळ येते, म्हणून आठ दिवस त्यांना जिन्यात बसवतेय. तरी मेलं सगळं ऐकू येतंच!”

गुरुजींनी नुसत्या चपला पायात सरकवल्या आणि ते तिच्याबरोबर निघाले.

घरी पोचल्यावर त्यांनी यंत्राकडे पाहिलेसुद्धा नाही. आधी जिन्यात बसलेल्या बाबांचा हात धरला आणि त्यांना आतल्या खोलीत पलंगावर आणून बसवले. “खोका हो खुशाल,” म्हणाले. रोगापेक्षा इलाज भयंकर, असे शिष्येच्या मनात आले. पण गुरूंपुढे बोलायचे कसे?

मग गुरुजींनी मधल्या दारावर जाड गोधडी टांगली. मायक्रोफोन तिच्यापासून चांगला हातभर दूर होता. तो तोंडापासून वीतभर अंतरावर आणला आणि त्याची पाठ खिडकीकडे फिरवली. आवाज वाढवण्याची कळ तिने शेवटपर्यंत पिळून ठेवली होती, ती निम्म्याहून खाली आणली.

“वाच आता. समोर एकच मूल बसलंय असं समज.”

वाचताना आतून दोनदा खोकला आला. दोन्ही वेळा ती दचकली, पण गुरुजींनी हातानेच पुढे वाचायला सांगितले. नंतर ऐकले, तर तिचा आवाज स्वच्छ होता. खोकला कान देऊन शोधावा लागत होता.

गुरुजी खुर्चीत टेकले. “चूक माझीच. सभेत माइकपासून हातभर दूर राहावं, हे मीच शिकवलं. तू घरातही तेच धरून बसलीस. आपण लांब राहिलो की यंत्राचे कान मोठे करावे लागतात, आणि मोठ्या कानांना सगळंच ऐकू येतं, पोरी. मग तू एकेकाला गप्प करत सुटलीस. जवळ गेलीस, तर कुणाला घराबाहेर काढावं लागत नाही.”

तेवढ्यात आतून बाबांचा दबका आवाज आला. “झालं का गं? दोनदा सुटला. बाकीचा दाबून धरलाय.”

शिष्येला रडू कोसळले. गोधडी सारून ती आत गेली, आणि तो दाबलेला खोकला पुरता निघून जाईपर्यंत त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पुढचे पान तिने त्यानंतर वाचले.

पुस्तक परीक्षेआधी पुरे झाले, आणि या वेळी ते परत आले नाही. बाबाही पुन्हा जिन्यात बसले नाहीत.