गोमेचे पाय आणि नेटची रांग

यातला एक शब्द खरा मानून दाखव, पेढा देते. फार पूर्वी जंगलात नेटची एकच बारीक तार होती. कॉम्प्युटरातल्या त्या लिनक्सच्या चित्रावरचा पेंग्विन तिच्यावर बसून सगळ्यांना पाळीपाळीनं नेट सोडायचा. गोम लबाड. तिनं एकेक पाय वेगळा रांगेत उभा केला आणि जितके पाय तितक्या पाळ्या घेऊन पिक्चर बघत बसली.

मागं चिमणी रडकुंडीला आली. "पेंग्विनदादा, मांजर आलंय, पिल्लांना निरोप धाडायचाय."

पेंग्विननं गोमेला विचारलं, "बाई, बघणारी तोंडं किती?"

"एकच की."

"मग पाळी पण एकच. आजपासून पाय नाही, तोंडं मोजणार."

निरोप पोचला, पिल्लं भुर्रकन उडाली. गोमेचा हिरो मात्र अजून अर्ध्या उडीत लटकलाय.

आता तुझे दोन फोन आणि तो टॅब बंद कर. माझी मालिका अडकलीय. जा, पळ.