पंच्याण्णव सालचा डॉलर

“...म्हणजे मिळणार की नाही, तेवढं सांगा चाचा.”

मुकादमचाचा खिडकीपाशी बसून खराट्यासाठी माडाच्या झावळीचे हीर सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय मिळणार?”

“पंच्याण्णवचा डॉलर.”

“अठराशे पंच्याण्णव म्हण. नुसतं पंच्याण्णव म्हणालास तर कालपरवाचं वाटतं.”

वैजनाथ पोतदार हसला नाही. तो पहाटे कराडहून निघून दाभोळला आला होता. मांडीवर सागवानी पेटी होती. अख्खा घाट त्याने ती मांडीवरच सांभाळली होती.

मी नेहमीसारखा बाजूच्या बाकावर बसलो होतो. पेटीत काय आहे ते मला ठाऊक होतं. पूर्वी मुंबईच्या टांकसाळीत चांदीचे डॉलर पाडत. सिंगापूर, हाँगकाँगकडच्या व्यापारासाठी. एका बाजूला त्रिशूळ घेऊन उभी असलेली बाई, तिच्यामागे दूरवर जहाज. दुसऱ्या बाजूला चिनी आणि मलायी अक्षरं. पहिल्या महायुद्धाआधीच्या प्रत्येक सालचा डॉलर वैजनाथने मिळवला होता, आणि प्रत्येक न वापरलेला. टांकसाळीतून निघून बाजारात कधी न गेलेला.

फक्त अगदी पहिल्या सालचा नव्हता.

रविवारी कोल्हापुरात प्रदर्शन होतं. मधलं टेबल त्याच्या पेटीसाठी राखून ठेवलं होतं. पेटी पूर्ण असेल तर.

तो डॉलर चाचांकडे होता. त्यांचे आजोबा जहाजावर होते, त्यांनी आणलेला. चाचा तो विकत नसत. त्यांचा रिवाज मात्र कोकणात आणि घाटावर सगळ्या नाणेवाल्यांना माहीत होता: जो पहिल्या बोलण्यात बरोबर ग्रेड, म्हणजे नाणं किती वापरलेलं ते, सांगेल, त्याने डॉलर घेऊन जावं. मोठमोठे लोक येऊन चहा पिऊन परत गेले होते.

“आडनाव पोतदार,” चाचा म्हणाले. “तुझे पूर्वज गावची नाणी पारखायचे. त्यांच्याकडे भिंग होतं का रे?”

“नखावर वाजवून ओळखायचे म्हणतात.”

“आणि तू हातमोजे घालतोस.”

“तुम्हीच शिकवलंत. नाणं कडेला धरायचं, अंगाला बोट लावायचं नाही.”

“शिकवलं खरं...”

चाचा उठले. आतून पत्र्याचा डबा आणला. बटर पेपरची घडी उलगडली आणि टेबलावरच्या मऊ फडक्यावर डॉलर ठेवला.

वैजनाथने पांढरे हातमोजे चढवले.

नाणी बघणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. बहुतेक जण आधी भिंग काढतात, दोष शोधायला. वैजनाथने भिंगाला हात लावला नाही. डॉलर कडेला धरून खिडकीच्या उजेडात तो हळूहळू कलता करत राहिला. एकदा, पुन्हा एकदा. श्वास नाण्यावर जाऊ नये म्हणून त्याने तोंड बाजूला वळवलं होतं. इतक्या जपून मी कुणाला काही धरताना पाहिलेलं नाही.

मग भिंग.

“बाईच्या शिरस्त्राणाचा तुरा शाबूत आहे,” तो म्हणाला. “हाताची बोटं सुटी दिसतात. त्रिशूळाच्या मधल्या टोकावर मुंबई टांकसाळीचं इंग्रजी बी अक्षर स्वच्छ. चकाकी चाकासारखी फिरते, कुठे अडत नाही.”

“आणि?”

“जहाजाखाली ओरखडा आहे.”

“आहे,” चाचा म्हणाले. “तिथेच सगळे घसरले. थोडा वापरलेला, म्हणाले.”

“हा वापरल्याचा नाही. थैलीतला आहे. दुसऱ्या डॉलरची कड लागलीय.”

“कशावरून?”

“माणूस घासतो तेव्हा ओळीने रेघा उठतात. हा एकटाच आहे.”

“ग्रेड?”

“न वापरलेला.”

चाचांनी डोळे मिटले. पुन्हा उघडले तेव्हा ते हसत होते.

“इतकी माणसं आली. ओरखडा सगळ्यांना दिसला. तो कुठून आला ते तू एकट्याने सांगितलंस. बरोबर.”

वैजनाथचे कान लाल झाले.

“मी कोल्हापुरात सांगूनच आलो होतो. चाचांकडून आणेन तर मीच आणेन.”

“सांगून आलास? छान. हार घेऊन उभे असतील मग.”

“तसं नाही चाचा...”

“पेटी उघड.”

वैजनाथने पेटी उघडली. निळ्या मखमलीत गोल खळगे, प्रत्येकात एक डॉलर. चाचा वाकले. एकेका डॉलरपाशी थांबत, एकदाही भिंग न उचलता, ते पुढे सरकत गेले. मधेच पुटपुटले, “वा... हा कुठून मिळवलास?” आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा वाकले. मला वाटतं, कुणाच्या पेटीपुढे ते इतका वेळ वाकलेले मी प्रथमच पाहत होतो.

शेवटी रिकाम्या खळग्यापाशी आले.

तिथे त्यांनी भिंग घेतलं.

बराच वेळ गेला...

“याची ग्रेड सांग.”

“कशाची?”

“या खळग्याची.”

वैजनाथ हसला. “थट्टा करताय. त्यात काहीच नाही.”

“पारखी आहेस ना? बघ तरी.”

वैजनाथ वाकला. मीही मान पुढे केली. बाकीच्या खळग्यांच्या कडांना मखमलीची लव दाट उभी होती. या एकाच्या मधोमध लव उरली नव्हती. तिथला कपडा गुळगुळीत झाला होता, चमकत होता. अंगठ्याएवढा, अंगठ्याच्याच आकाराचा.

“हे... मी अंगठा फिरवतो इथे. पेटी बंद करायच्या आधी. सवय लागलीय.”

“कधीपासून?”

“पेटी करून आणली तेव्हापासून.”

“ग्रेड?”

वैजनाथ आणखी खाली वाकला. मग हळूच म्हणाला,

“वापरलेला. खूप वापरलेला.”

“हेही बरोबर.”

चाचांनी डॉलर कडेला धरून उचलला.

“घे. हातमोजे काढ.”

“काढू?”

“मोज्यांत नाही देणार.”

“चाचा, हाताला घाम आहे. ही खारी हवा... बोटांचे डाग उठतील. मग तो न वापरलेला राहणार नाही.”

“नाही राहणार.”

“रविवारी सगळे भिंग घेऊन येतील.”

“येतील.”

“मग पेटीत हा एकच...”

“मी एवढंच म्हणतो, मोज्यांत देत नाही. नको असेल तर तसाच जा. नाव तुझंच राहील. येईल त्याला सांगेन, पोतदाराने ओळखला.”

खाडीवर फेरीबोटीचा भोंगा वाजला. वैजनाथ पेटीकडे बघत होता. मग डॉलरकडे. मग पुन्हा पेटीकडे... चहा आला. कुणी घेतला नाही.

वैजनाथने उजव्या हाताचा मोजा बोटाबोटाने सोडवला. तळवा ओला होता. त्याने तो सदऱ्याला पुसला. पुन्हा पुसला. मग पुढे केला.

चाचांनी डॉलर त्याच्या तळव्यावर आडवा ठेवला आणि त्याची बोटं स्वतःच्या हातांनी मिटवली.

“कसा लागतो?”

“गार.”

चाचा पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसले. हीर सोलू लागले. मी माझा चहा घेतला. वैजनाथ मूठ मिटून बसून होता. त्याने इतक्या वर्षांत इतके डॉलर जमवले, पण त्यांतला एकही उघड्या हातात घेतला नव्हता हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

“आता?” चाचांनी विचारलं.

“आता... गरम. माझ्या हाताइतकाच.”

“हं.”

वैजनाथने मूठ उघडली नाही. डाव्या हाताने पेटी जवळ ओढली. अंगठा सवयीने त्या खळग्यात गेला आणि तिथेच थांबला.

“चाचा, हा आता इथे ठेवायचा नाही. तेवढं कळलं मला. पण मग रविवारी... हा खळगा रिकामाच नेऊ?”

चाचांनी हिराचं टोक नखाने तपासलं आणि तो जुडीत ठेवला.

“रिकामा कुठे आहे?”