चक्रवाकीचा धडा

फार मागे, रानातली दुखणी रानातच बरी व्हायची तेव्हा, एका टेकडीवर मुंगसाचं वैद्यकीय विद्यापीठ होतं. देशोदेशीचे पक्षी तिथे शिकायला येत, आणि मुंगसाला त्याचा भारी अभिमान होता.

एकदा ते विद्यापीठ किती आंतरराष्ट्रीय झालंय हे मोजायला दूरच्या अरण्यातून थोरली हत्तीण आली. तिनं नापसंत केलं असतं, तर परदेशी विद्यार्थी यायचे बंद झाले असते. मुंगसानं त्या सगळ्यांना पहिल्या रांगेत बसवलं.

"मोजा, बाई," तो म्हणाला. "हा गुलाबी पंखांचा रोहित पक्षी, तो ससाणा, आणि ही चक्रवाकी तर हिमालय ओलांडून आलीय."

हत्तिणीनं चक्रवाकीला विचारलं, "इथे काय शिकलीस, बाळ?"

"जखमा बांधायला, ताप उतरवायला."

"आणि इथल्यांना काय शिकवलंस?"

चक्रवाकी गोंधळली. "मला कुणी विचारलंच नाही. आमच्याकडे उंचावर श्वास कोंडतो. अशांना आजी कसं वाचवते, ते मला येतं."

मुंगसाचा चेहरा उतरला. परवाच श्वास कोंडून वानराचं एक पिल्लू त्याच्या हातांत दगावलं होतं, आणि चक्रवाकी तेव्हा मागेच उभी होती.

तो गुरूच्या दगडावरून उतरला आणि रोहिताला सरकायला सांगून विद्यार्थ्यांत बसला.

"वर ये, चक्रवाकी," तो म्हणाला. "सावकाश सांग. मला पहिल्यापासून शिकायचंय."

हत्तीण मोजणी आटोपून निघणार होती. तीही मग खाली बसली.