हलक्या पायाची परीक्षा

ही गोष्ट बाहेर कुणाला सांगायची नाही, असे मला बजावलेले आहे. हिच्यातला शिष्य आमच्याच घरातला आहे. म्हणून मी सगळ्यांचीच नावे गाळून सांगते.

जुन्या मोटारी दुरुस्त करणारे एक वृद्ध वस्ताद आहेत. त्यांच्याकडे एकदा गुळाचा एक व्यापारी आपल्या वडिलांच्या हौसेची मोटार घेऊन आला. तिचा मास्टर सिलिंडर, म्हणजे ब्रेकचे पॅडल दाबताच तेल रेटून चाकांपर्यंत जोर पोहोचवणारा भाग, निकामी झाला होता. व्यापाऱ्याची लेक बाळंतपण आटोपून सासरी निघाली होती आणि सासर घाटाखाली, कोकणात. मोटारीचे दिवे मंद, त्यामुळे उजेडातच घाट उतरणे भाग होते.

तसा नवा सिलिंडर आता कुठे बनत नाही. जुनेच दुरुस्त करून विकले जातात. वस्तादांनी असे दोन मागवले होते आणि निवड शिष्यावर सोपवली. एकाला ताजा काळा रंग दिलेला होता. दुसरा डागाळलेला, कळकट दिसत होता. शिष्याने चकाकणारा उचलला, बसवला, नळ्यांतली हवा काढली आणि पॅडल धडाधड दाबून पाहिले. ते दगडासारखे घट्ट लागले. व्यापाऱ्याला त्याने गाडी तयार असल्याचे सांगितले. लेक बाळाला घेऊन मागच्या सीटवर जाऊन बसलीसुद्धा.

तेव्हा वस्ताद उठले. त्यांनी तिला क्षणभर उतरायला सांगितले, स्वतः चालकाच्या जागी बसले, चप्पल काढली आणि अनवाणी पाय पॅडलवर नुसता टेकवला. दाबला नाही. डोळे मिटले आणि तसेच बसून राहिले.

कुणाला काही कळेना. ऊन भिंतीवर चढत चालले होते, बाळ रडायला लागले होते. व्यापारी येरझारा घालू लागला. शेवटी तो म्हणाला, "वस्ताद, गाडी चालवायची हाय आम्हाला. तुम्ही तर थोपटून निजवायलाय तिला."

आजूबाजूचे हसले. शिष्याचा चेहरा उतरला. गिऱ्हाइकासमोर आपल्या कामावर अविश्वास दाखवला जात आहे, असे त्याला वाटले. त्याने हळूच विनवले, की पॅडल आपण नीट पाहिले आहे. वस्तादांनी डोळे न उघडता त्याला जवळ बोलावले आणि फक्त आपल्या पायाकडे बघायला सांगितले.

पाय खाली चालला होता. इतका सावकाश, की आधी ते शिष्याच्या लक्षातही आले नाही. पण तो थांबत नव्हता. पाहता पाहता पॅडल तळाला टेकले. बाहेर मात्र तेलाचा एक थेंबही सांडला नव्हता. वस्तादांनी पाय उचलून पॅडल जोराने दाबले. ते पुन्हा दगडासारखे घट्ट.

"जोराचा दाब आला की आतलं रबर फुगून सिलिंडरच्या भिंतीला घट्ट धरतं," वस्ताद म्हणाले. "त्या क्षणी कुठलंही रबर इमानी असतं, बाळा. हलका भार टिकून राहिला, की भिंतीतल्या खड्ड्यांतून तेल गुपचूप मागे सरकतं. दुरुस्त करून विकणाऱ्यांनी रबर नवं घातलं, रंगही दिला. भिंत मात्र तशीच ठेवली. जोराची परीक्षा तू घेतलीस. हलक्या भाराची घ्यायची राहिली, आणि घाट उतरताना पाय बराच वेळ तसाच हलका टेकलेला असतो."

व्यापाऱ्याला हे पटले नाही. जोराने दाबल्यावर ब्रेक लागतो ना, मग आपण जोराने दाबू, असे म्हणून त्याने किल्लीसाठी हात पुढे केला. वस्ताद गाडीतून उतरून बाजूला झाले. किल्ली शिष्याच्या खिशात होती.

शिष्याने एकदा बाळाकडे पाहिले. मग त्याने बॉनेट उघडले आणि स्वतः बसवलेला सिलिंडर पाना लावून स्वतःच सोडवायला घेतला.

"काका, आज गाडी जात नाही," तो म्हणाला. "चूक माझी आहे. रागवायचं तर मला रागवा."

व्यापारी बरेच काही बोलला. शिष्य खाली मान घालून काम करत राहिला. कळकट सिलिंडर त्याने उघडून विजेरीच्या उजेडात पाहिला, तेव्हा आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत निघाली. तो बसवल्यावर वस्तादांसारखाच पाय टेकवून तो बसून राहिला. पॅडल जिथल्या तिथे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी आला. आभार मानले नाहीत, कुणाकडे पाहिलेही नाही. लेक आणि बाळ मागे बसल्यावर तो पुढे बसला, चप्पल काढली, पाय पॅडलवर नुसता टेकवला आणि डोळे मिटून घेतले. या वेळी कुणी हसले नाही. बऱ्याच वेळाने त्याने गाडी सुरू केली.

तेव्हापासून मी स्वतःविषयी विचार करते. मोठा प्रसंग आला तर मी ठाम उभी राहते, हे मला ठाऊक आहे. पण रोजचा, हलका, न संपणारा भार आला, की मी आतून हळूहळू…

आई हाक मारते आहे. मघापासून मारते आहे. जाते.