ढोलीचं माप

चूक सगळी खारआजोबांची होती. रानात कुणी तसं तोंडावर म्हटलं नाही, कारण ते वयानं मोठे.

फार मागे, रान दाट होतं तेव्हाची गोष्ट. खारआजोबांना आणि त्यांच्या नातीला, टिपरीला, सुतार पक्ष्याकडून नवी ढोली कोरून घ्यायची होती. सुतारानं आधीच बजावलं, "एकदा बिऱ्हाड आत आलं की मी ढोली वाढवून देत नाही. लहान की मोठी, आत्ताच ठरवा."

"मोठी," टिपरी म्हणाली. तिला दोन पिल्लं होती आणि सबंध पावसाळ्याचे दाणे आत ठेवायचे होते.

"लहान," आजोबा म्हणाले. "मोठीला दहा शेंगा जास्त मागतोय हा. आमचा जन्म याच मापात गेला."

"तेव्हा तुम्ही एकटे होतात, आजोबा."

"नाही पुरलं तर बाहेर करवंटी टांग. मला अक्कल शिकवू नकोस."

लहान ढोली कोरली गेली. तिचा अर्धा भाग आजोबांच्या जुन्या, किडक्या कोयांनीच भरला. त्यातली एकही टाकायची नाही म्हणे. टिपरीचे दाणे बाहेर करवंटीत गेले. ऐन श्रावणात वानरांनी ती करवंटी तोडून नेली.

"हल्लीच्या वानरांना वळणच नाही," आजोबा म्हणाले.

टिपरीनं उपाशी पिल्लांना एकेक करून तोंडात धरलं आणि ती दूरच्या झाडावर राहायला गेली.

आजोबांना आता ढोली पुरत होती. नात आणि पणतवंडं त्यांना पुन्हा दिसली नाहीत.