तिन्ही माइकमधला सूर

एकदा एक वृद्ध ड्रमवादक आपल्या दोन साथीदारांना घेऊन अल्बम करण्यासाठी स्टुडिओत गेला. तिघे जॅझ वाजवत. एखादी छोटीशी चाल धरायची आणि पुढे काहीही न ठरवता, एकमेकांचे ऐकत ऐकत ती फुलवत न्यायची, ही त्यांची रीत. माणसाएवढा उंच, जाड तारांचा बास वाजवणारा गृहस्थ जुनाजाणता आणि थट्टेखोर होता. पियानोवर मात्र वृद्धाची शिष्या होती. तिचा हा पहिलाच अल्बम.

स्टुडिओत तिघांसाठी काचेच्या वेगवेगळ्या खोल्या होत्या. ही मागणी शिष्येचीच. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरला नाही, तर कोणाचीही चूक मागाहून पुसता येते, तेवढाच तुकडा पुन्हा वाजवून जोडता येतो, असे तिने ऐकले होते.

सकाळपासून वादन सुरू होते. जरा बोट घसरले की ती म्हणे, "थांबा, माझं चुकलं. पुन्हा घेऊ." दुपारपर्यंत एक चाल अगदी निर्दोष झाली, पण ती ऐकताना कोणाचीही मान डोलली नाही.

"अगं, पियानो वाजवतेस की पेपर सोडवतेस?" बासवाल्याने विचारले.

एरवी ती हसली असती. आज तिचे डोळे भरून आले. "सर, संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर तुम्ही दुसरं कोणी बघा. माझ्यामुळे तुमचा अल्बम बिघडायला नको. मी खरंच सोडते."

वृद्धाने आपला ड्रम उचलला आणि तिच्या खोलीत नेऊन ठेवला. परत जाऊन झांजा आणि आपला माइक आणला. मग बासवाल्यालाही तसेच करायची खूण केली.

"इथे मी उभा राहू की माझा बास?" आत डोकावत बासवाला म्हणाला. जागाच तेवढी होती. शेवटी तो आणि त्याचा बास, दोघेही अंग चोरून पियानोला टेकले.

रेकॉर्डिस्ट धावत आला. "सर, असं कसं चालेल? एकाची चूक तिन्ही माइकमध्ये जाईल. मग मला काही पुसता येणार नाही!"

"ठाऊक आहे," वृद्ध म्हणाला. "तू सुरू कर."

चाल रंगू लागली आणि शिष्येचे बोट शेजारच्या पट्टीवर पडले. "थांबा" म्हणायला तिने मान वर केली, तर बासवाला हाताच्या अंतरावर भुवया उंचावून उभा. त्याने तोच चुकलेला सूर आपल्या जाड तारेवर छेडला, जणू विचारले, "असं होय?" वृद्धाने झांजेच्या कडेवर हलकेच हुंकार भरला. तिला हसूच फुटले. हसता हसता तिने तो सूर पुन्हा वाजवला, या वेळी मुद्दाम. आणि त्याच्यामागून असे काही उमलत गेले, जे तिने कधी योजलेही नव्हते. तिघेही त्या सुराचा पाठलाग करत कुठल्या कुठे भटकून आले. थांबले तेव्हा तिघांना धाप लागली होती आणि बासवाला पोट धरून हसत होता.

"सर, हे आधी का नाही सांगितलंत?" तिने विचारले.

"सांगितलं असतं तर तू तेही पाठ केलं असतंस," वृद्ध म्हणाला. "चूक दिसू नये म्हणून तू दार लावून घेतलंस, बाळ. पण त्या दाराने आम्हालाही बाहेर ठेवलं. तू एकटीच चुकत होतीस, एकटीच घाबरत होतीस. आपण तिघं मिळून वाजवतो ते कशासाठी? एकाच्या हातून काही निसटलं, तर दुसऱ्याने ते झेलावं म्हणून. झेलणारा जवळ तर हवा ना?"

शिष्येने तो चुकलेला सूर पियानोवर पुन्हा एकदा हलकेच वाजवला.

काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने विचारले, "ताई, तो मधला सूर जरा खटकतोय. पुसता तर येणार नाही. पण सबंध चाल पुन्हा घ्यायची का?"

"राहू द्या," ती म्हणाली. "तो आता आमच्या तिघांचा आहे."