गुडघाभर पाणी

त्या राज्यात ओढा सगळ्यांचा होता आणि निर्णय बगळ्यांचे. दर वर्षी पावसाळ्याआधी ओढा कुठून ओलांडायचा हे बगळ्यांची सभा ठरवी. एक बगळा पाण्यात उतरे, ‘गुडघाभर’ असे जाहीर करी आणि बाकीचे माना डोलवीत. हरकती मागवणारी नोटीस नियमाप्रमाणे लागे, तीही बाभळीच्या शेंड्यावर. हरकत कधीच आली नाही. प्रजा सुखी आहे, असे बगळ्यांना अगदी मनापासून वाटे.

चिचुंद्री मात्र सुखी नव्हती. तिचे बीळ ओढ्याच्या अलीकडे आणि किड्यांचे रान पलीकडे. गेल्या वर्षी त्या गुडघाभर पाण्यात तिची धाकटी लेक वाहून चालली होती. कासवाने पाठीवर घेतली म्हणून वाचली. यंदा पदरात सहा पिल्ले होती. ती सभापती बगळ्याच्या झाडाखाली जाऊन बसली, ती चार दिवस हलेना.

शेवटी तो वैतागला. “बाई, राज्य चालवणं म्हणजे पोरखेळ नव्हे. पण चिठ्ठ्या टाकू. ज्यांची नावं निघतील त्यांनी एकत्र बसून ठरवावं. मग आम्हाला बोल लावायचा नाही.”

गाढव, ससा, मुंगूस, कासव आणि एक बगळा अशी नावे निघाली. चिचुंद्रीचे निघाले नाही. तिचे तोंड एवढेसे झाले.

पंच बसले खरे, पण सवय वाईट. बगळ्याने जुनीच जागा सुचवली, सगळ्यांनी माना डोलवल्या आणि सूर्य माथ्यावर यायच्या आत जेवणाची चौकशी सुरू झाली. तेवढ्यात कासव म्हणाले, “जिच्यामुळे आपण इथे बसलो, तिला तर विचारू.”

चिचुंद्री म्हणाली, “सांगते मागून. आधी पाण्यात उतरा, दादा.”

उतरले. बगळ्याच्या गुडघ्याला पाणी लागले. गाढवाच्या घोट्याला लागले, सशाच्या हनुवटीला. मुंगसाचे नुसते शेपूट दिसत होते. बाहेर आल्यावर ते अंग झाडत थेट चिचुंद्रीशेजारी जाऊन बसले.

मग खरी चर्चा झाली, आणि काय झाली! वरच्या वळणावर पाणी उथळ होते, पण वाट लांब पडे. सशाने त्यावरून एक अख्खा दिवस भांडण केले. गाढव जन्मभर ओझे वाहत आले होते, कुठे न्यायचे हे त्याला कुणी विचारले नव्हते. ते म्हणाले, “वळणावर दगड टाकू. दगड मी आणतो.” दोन दगडांत अंतर किती, यावर आणखी दोन दिवस गेले. बगळा आपली ढांग मोजून दाखवी, ससा आपली उडी. कासव मधेच दोनदा झोपले. अखेर मुंगसाने चिचुंद्रीला चालायला सांगितले आणि तिच्या पावलाला पाऊल लावून दगड बसवले.

पहिल्या पावसानंतर ओढा भरून आला. चिचुंद्री दगडांवरून निघाली. तिची शेपटी थोरल्याच्या तोंडात, थोरल्याची धाकट्याच्या, अशी सहाही पिल्ले रांगेने पलीकडे गेली. मागून गाढव, ससा, सगळे राज्य तिच्याच चालीने निघाले. शेवटी सभापती बगळा, लांब तंगड्या आवरत, चिमुकली पावले टाकत आला.

पलीकडे पोहोचल्यावर त्याने एक पाय उचलून निरखून पाहिला, मग दुसरा. जन्मात पहिल्यांदाच ते कोरडे होते.